कुंडीतील गुग्गुळ : रोप कलमाचेच असावे, उपटलेले नको

शहरांत सध्या कमी पाण्यावर जगणाऱ्या, जाड खोडाच्या शोभेच्या झाडांना मागणी आहे. वाकडेतिकडे खोड आणि कागदासारखी सुटणारी साल यामुळे गुग्गुळ कुंडीत उठून दिसतो. नाशिकच्या रोपवाटिकाधारकांसाठी ही संधी आहे, मात्र त्यात एक धोकाही आहे.

गुग्गुळ हे कच्छ, सौराष्ट्र आणि पश्चिम राजस्थानातील कोरड्या भागाचे झुडूप. योगराज गुग्गुळासारख्या औषधांत त्याचाच डिंक वापरतात. सातपुड्यातील सालई हा वेगळा वृक्ष असून त्याच्या डिंकालाही 'सालई गुग्गुळ' म्हणतात. रोप घेताना गल्लत करू नये. डिंकासाठी खोल चिरा दिल्याने झाडे मरतात. त्यामुळे २०१५ पासून गुग्गुळ आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. जुने, जाड खोड लवकर मिळावे म्हणून रानातील झाडे उपटून कुंड्यांत आली, तर उरलेलीही संपतील.

यावर उपाय सोपा आहे. गुग्गुळाला छाट कलमाने मुळ्या फुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर २० ते २५ सें.मी. लांबीची, अर्धपक्व फांदी घ्यावी. काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा. नंतर ती वाळूमिश्रित मातीत लावावी. कुंडीत निम्मी जाड वाळू, उरलेल्या भागात माती व कुजलेले खत घ्यावे. काळी चिकण माती टाळावी. ऊन भरपूर हवे. हे झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यापेक्षा गॅलरीत बरे. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. पानगळ झाल्यावर पाणी जवळपास बंद करावे; पाने गळाली म्हणजे झाड मेले नव्हे, हे ग्राहकालाही सांगावे. निफाड परिसरात पारा कधी ५ अंशांखाली उतरतो, तेव्हा रोपे आडोशाला ठेवावीत.

डिंकाच्या उत्पन्नासाठी सहा-आठ वर्षे थांबावे लागते. कुंडीतील रोप त्याआधी विकता येते. तरी सिन्नर, येवल्याच्या शेतकऱ्यांनी मागणी पाहून थोड्या रोपांपासूनच सुरुवात करावी.

जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे. त्यासाठी उगमाचा दाखला लागतो. म्हणून मातृवृक्ष कोठून आणला, कलमे कधी केली, याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. विस्तार कार्यकर्त्यांनीही रोपवाटिकेत गेल्यावर आधी ती वही पाहावी.