ऋण आणि अरण्य

दारिद्र्य म्हणजे केवळ द्रव्याचा अभाव नव्हे. पत नसणें हेंहि दारिद्र्यच होय. ‘तारण’ हा शब्द ‘तॄ’ धातूपासून आला आहे. जें पैलतीरास नेतें तें तारण. व्यवहारांत मात्र तें आधींच जवळ असावें लागतें. म्हणजे ज्याची स्वतःची होडी आहे त्यालाच नावाडी भेटावयाचा! चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत ज्या कुटुंबाचा निर्वाह धानाचें एक पीक, मोहफुलें आणि उन्हाळ्यांत थोडे दिवस चालणारी तेंदूपानांची तोडणी यांवर होतो, त्यानें बँकेस दाखवावें तरी काय? रोवणीच्या दिवसांत सावकाराच्या दारीं जाण्यावांचून त्यास गत्यंतर नसे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. म्हणूनच १९७७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखालीं आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधि स्थापन झाला. त्याचें ठाणें रोम येथें असून ग्रामीण दारिद्र्य हटविण्यासाठीं तो सरकारांना सुलभ अटींवर कर्ज देतो. त्याच्या साहाय्यानें १९९४ सालीं महाराष्ट्रांत ग्रामीण पतपुरवठ्याचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या जिल्ह्यांत चंद्रपूर होता, पुढें गडचिरोलीहि आला. नंतर २००७ सालीं ‘तेजस्विनी’ योजना आली व २०१८ पर्यंत चालली. गांवोगांव स्त्रियांचे गट बांधण्याचें काम १९७५ सालीं स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानें केलें.

गटाची रीत साधी आहे. दहा ते वीस बायका एकत्र येतात, ठरलेली रक्कम दरमहा जमा करितात, आणि त्या गंगाजळींतून आपसांत कर्ज देतात. आपल्या गृहिणींस भिशी ठाऊक आहेच. परंतु भिशींत जिची चिठ्ठी निघेल तिला रक्कम, येथें जिला गरज असेल तिला. आणि व्याज गटाचेंच. हिशेबाची वही कांहीं महिने नीट चालली कीं बँक तारणावांचून कर्ज देते. नाबार्डनें १९९२ सालीं ५०० गट प्रयोगादाखल बँकांशीं जोडण्याचें योजिलें, तेव्हांपासून हा मार्ग देशभर रूढ होत गेला. जिच्या नांवें शेतीवाडी नाहीं अशा स्त्रीचा शब्द हेंच तिचें तारण ठरलें, ही गोष्ट लहान नव्हे.

येथवर सर्व शुभ आहे. परंतु ऋण स्वतः कांहीं पिकवीत नाहीं. शेळी दगावली, घरांत आजार निघाला, तरी हप्त्याची तारीख टळत नाहीं. २०१० सालीं आंध्र प्रदेशांत खासगी सूक्ष्मकर्ज कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला कीं सरकारास वटहुकूम काढावा लागला. कर्ज कशांतून फेडावयाचें, या प्रश्नास उत्तर नसेल तर सावकाराचें केवळ नांव बदलतें.

तें उत्तर धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवानें दिलें. रानांतील बांबूवर पूर्वीं सत्ता वनखात्याची आणि लाभ कागद-गिरण्यांचा. गांवकरी तो विकूं गेला तर अपराधी! २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं गांवास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. मग तोडणीची मजुरी गांवाची, आणि विक्रीची रक्कमहि गांवाचीच. त्याच २००९ सालीं दूर मध्य आशियांतील किर्गिझस्ताननें कायदा करून कुरणांची व्यवस्था पशुपालकांच्या स्थानिक समित्यांकडे सोंपविली, आणि वर उल्लेखिलेल्या निधीनें तेथें त्या समित्यांस साहाय्य केलें. अरण्य असो वा कुरण, आधीं हक्क आणि मागाहून ऋण, हाच क्रम हितावह होय. हक्कावांचून दिलेलें ऋण तें अखेर मजुरींतूनच फेडावें लागतें.

पैसा देणारांनीं हा क्रम ध्यानीं ठेवावा, हें तर खरेंच. पण वाचकहो, आपणांसहि एक कर्तव्य आहे. सणाला श्रीखंडावर पसरावयाची चारोळी कोणा स्त्रीनें भर उन्हांत रानांत वेचिलेली असते. बचत गटाची चारोळी किंवा मध विक्रीस आला तर तो अवश्य घ्यावा, आणि भावासाठीं घासाघीस करूं नये. तिच्या कर्जाचा हप्ता त्याच पैशांतून जावयाचा असतो.