एक जोडणी, सारं घर



घरात पाच मोबाईल आणि पाच रिचार्ज. सोयाबीनचे पैसे हाती येण्याआधी निम्मे रिचार्ज संपलेले. ही तक्रार आता प्रत्येक बैठकीत ऐकू येते. काहींना हा विषय शेतीबाहेरचा वाटेल. पण घरखर्च हा उत्पादनखर्चाचा सख्खा भाऊ आहे. त्याचा हिशेब आपण मांडायचा नाही, तर कोणी?

घरी तारेची एक जोडणी घ्या आणि ती सगळ्यांत वाटा. मोबाईलवर मग फक्त बोलणे आणि एसएमएस लागतात. असे वेगळे पॅक ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे. पाच रिचार्ज एका बाजूला, एक जोडणी आणि पाच साधे पॅक दुसऱ्या बाजूला; कागदावर बेरीज करा. फायदा दिसला तरच पुढे जा.

वाटणी कशी होते? विहीर एक, पाट चार. राउटर हा पाटकरी. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. आत राउटर प्रत्येक यंत्राला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता देतो आणि ज्याने मागितले त्यालाच उत्तर पोचवतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. जाड मातीच्या भिंती आणि पत्रे लहरी अडवतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, ५ ची वेगवान पण तोकडी. मागच्या खोलीपर्यंत पोचत नसेल तर तार टाका. तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. एका ओढीत १०० मीटरपेक्षा लांब नको. तारेच्या टोकाला जुना राउटरही चालतो. मात्र त्याचा पत्ता बदला, त्याचे पत्तेवाटपाचे काम (डीएचसीपी) बंद करा आणि तार त्याच्या 'लॅन' खाचेत लावा. एका पाटावर दोन पाटकरी नेमले की भांडण ठरलेले.

एक चूक मी स्वतः केली आहे. घरापासून गोठ्यापर्यंत खांबावरून तांब्याची तार ओढली. वळवाच्या पहिल्याच पावसात वीज जवळ पडली आणि राउटर, स्विच, प्रिंटर तिन्ही जळाले. कृषी पदवी भिंतीवर टांगलेली होती, ती काही कामाला आली नाही. दोन इमारतींमध्ये, उघड्या आभाळाखाली, तांबे नको. तिथे धातूची तार नसलेली काचतंतूची केबल टाका. काच वीज वाहून नेत नाही. भारनियमनासाठी राउटरचा छोटा यूपीएस पुरतो.

कायद्याचे भान ठेवा. आपल्या घरात वाटणे वेगळे आणि परवान्याशिवाय गावाला विकणे वेगळे. गावाला द्यायचेच असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात चहाच्या टपरीवालाही परवाना आणि नोंदणीशिवाय वायफाय केंद्र चालवू शकतो. कारखान्याने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. जोडणी तुमच्या नावावर आहे. कोणी तिच्यावरून गैरकाम केले तर पहिली विचारणा तुम्हालाच होईल.

वारणा खोऱ्यात १९९८ साली सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद आणि वजन पाहायला शेतकरी केंद्रापर्यंत चालत जाई. आज तीच माहिती घरात येऊ शकते. पण ती घरात कोणापर्यंत पोचते, हा खरा प्रश्न आहे. मोबाईल कर्त्या पुरुषाच्या खिशात राहिला तर बाजारभावही त्याच्याच खिशात राहतो. आपल्या नावावर किती जमीन आहे, हे सातबाऱ्यावर स्वतः पाहायला माउलीला मुलाची सवड बघावी लागते. मुलीचा अभ्यास भावाच्या रिचार्जवर अडतो.

म्हणून एक विनंती. पासवर्ड कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. घरातल्या प्रत्येक बाईला तो वापरता आला पाहिजे. आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या बेरजेचा कागद सोबत आणा, ज्यांची बेरीज चुकली त्यांनी तर नक्कीच आणा.