भाडेपावतीवर नाव कुणाचं?

मध्य मुंबईतल्या एका सरकारी चाळीत मी गेली काही वर्षं काम करते. तिथली पंचावन्नच्या आसपासची एक बाई एका दुपारी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या केंद्रावर आली. पिशवीत भाडेपावत्या होत्या, वर्षवार लावून रबर घातलेल्या. सगळ्या सासऱ्यांच्या नावाच्या. सासरे गेले, मग नवरा गेला, भाडं मात्र एक महिनाही चुकलं नाही, कारण ते ही बाई पोळ्या लाटून भरत होती. गळक्या स्लॅबला तिनं दोनदा पदरच्या पैशानं प्लॅस्टर करून घेतलं. सासूचं शेवटपर्यंत केलं. आता पुनर्विकासासाठी पात्र भाडेकरूंची यादी लागली आणि यादीत नाव आलं धाकट्या दिराचं, जो वीस वर्षांपूर्वीच उपनगरात राहायला गेला आहे. कार्यालयात चौकशीला गेली तर उत्तर मिळालं, "बाई, घरातलं भांडण घरात मिटवा."

हे वाक्य आपल्याला नवं नाही. मारहाणीची तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेलेल्या बाईला वर्षानुवर्षं हेच ऐकवलं गेलं आणि त्याविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली. फरक इतकाच, की या वेळी बोलणारा घरमालक होता, आणि तो घरमालक म्हणजे शासन. मला या लेखात एवढंच मांडायचं आहे: सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांची जी दुर्दशा झाली तिची किंमत बायांनी मोजली. आणि त्या पडक्या घरांच्या जागेवर आता जे उभं राहणार आहे, त्याच्या कागदांत बाई पुन्हा कुठेच नाही.

थोडं मागे जाऊ. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं बांधलेल्या बी.आय.टी. चाळी १९३३ मध्ये ट्रस्टबरोबर महापालिकेकडे आल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाईंनी संसार केला. १९२० साली सरकारनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सुमारे १६ हजार: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बी.डी.डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक.

त्याच काळात मुंबई सरकारनं गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं होतं. १९२२ साली त्यांनी नोंदवलं की एका चाळीत १५ बाय १२ फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबं आढळली. सहा चुली आणि लहानमोठी मिळून तीस माणसं. म्हणजे घराचा प्रश्न हा बाईच्या शरीराचा, बाळंतपणाचा, चुलीच्या धुराचा प्रश्न आहे, हे शंभर वर्षांपूर्वी सरकारदफ्तरी लिहिलं गेलं होतं. तरी खोल्या वाटल्या गेल्या त्या 'कामगारा'ला, आणि कामगार म्हणजे पुरुष असं धरूनच.

त्या खोलीत खरं कोण राबलं? १९८२ च्या संपाआधीही आणि नंतरही गिरणगावात शेकडो बायकांनी त्याच खोलीत खानावळी चालवल्या, एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला. बाईची खोली हे तिचं घर होतं तसा तिचा कारखानाही होता. संप फसल्यावर नवरे घरी बसले तेव्हा भाडं कुणाच्या कमाईतून गेलं हे विचारायची गरज नाही. पावतीवर नाव मात्र बदललं नाही.

आता डागडुजीकडे या. चाळी का मोडकळीला आल्या असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: भाडंच इतकं कमी होतं, दुरुस्ती कशातून करणार? खाजगी मालकाच्या तोंडी हे उत्तर एक वेळ समजून घेता येईल, कारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. पण सरकारी आणि पालिकेच्या इमारतींना हा कायदा कधी लागूच नव्हता. त्याच्या जागी आलेला १९९९ चा कायदाही लागू नाही. म्हणजे कायद्यानं हात बांधले ही सबब शासनाला मिळत नाही. भाडं कमी ठेवायचं हा त्याचा स्वतःचा निर्णय होता, आणि तो योग्यच होता, कष्टकऱ्याचं घर स्वस्तच असलं पाहिजे. पण मग दुरुस्तीचा पैसा तिजोरीतून यायला हवा होता. तो वेळेवर आणि पुरेसा आला असता तर आज जिने टेकूवर उभे नसते. दुर्लक्ष करायचं, इमारत धोकादायक झाली की तोच धोका दाखवून जागा मोकळी करायची, हा शिरस्ता झाला आहे.

या दुर्लक्षाची झळ कुणाला बसते ते चाळीत आठ दिवस राहून पाहावं. पाण्याचा पंप बंद पडला तर खालून कळशा कोण आणतं? संडासाचं दार तुटलेलं असलं तर पहाटे चारला उठून कोण उरकून घेतं? जिन्यातला दिवा गेला तर रात्रपाळीहून येणारी मुलगी कुणाला फोन करते? पुरुषालाही गळकं छत नकोच असतं, पण गळतीखाली बादली ठेवायचं काम त्याचं नसतं. सरकारनं न केलेली देखभाल बायांनी अंगमेहनतीनं भरून काढली. तिचा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.

आणि जिथे बायांचे हातही पुरत नाहीत तिथे माणसं मरतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेची, राहणारी कुटुंबं पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जण गेले. ती इमारतही तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या मालकीची होती, आणि रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून ओरडत होते. देश वेगळा, पैसा वेगळा, पण भाडेकरूचं न ऐकणारा सार्वजनिक घरमालक दोन्हीकडे सारखाच.

कायद्याची आणखी एक बाजू आपल्या कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नसते. खाजगी चाळीतला भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. सरकारी चाळीतल्या बाईला तो आधार नाही. तिथे पावतीवर नाव चढवायचं ते विभागाच्या नियमांनी आणि परिपत्रकांनी. घर खाली करून घ्यायलाही शासनाला लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, १९५५ च्या कायद्याखाली नेमलेला सक्षम अधिकारी आदेश काढू शकतो. म्हणजे ज्या घराचा मालक लोकांचं सरकार, त्याच घरातला भाडेकरू कायद्यानं अधिक दुबळा, आणि भाडेकरूच्या घरातली बाई सगळ्यात दुबळी.

मग बाईकडे काय आहे? परित्यक्ता पत्नी नवऱ्याच्या भाड्याच्या घरावरच्या दाव्यात स्वतः उभी राहून बाजू मांडू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलं. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर भाड्याचं असलं तरी. ही आपल्या लढ्याची कमाई आहे, ती मी कमी लेखत नाही. पण राहण्याचा हक्क म्हणजे नाव नव्हे. इमारतच पाडली की 'राहणार कुठे' याचं उत्तर पात्रता यादीतून येतं, आणि यादी भाडेपावतीवरून बनते.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत करार पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागात 'घर दोघांचे' ही मोहीम शासनानंच २००३ मध्ये काढली. चांगलं झालं. पण जोडनावाचा हा हक्कही नवऱ्याला टांगलेला आहे. विधवा सून, माहेरी परतलेली मुलगी, लग्न न केलेली बहीण, टाकलेली बायको, यांचं नाव कुणाच्या नावाला जोडायचं? आमच्या केंद्रावर येतात त्या याच.

मी पुनर्विकासाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. घरात स्वतःचा संडास हवा, ही मागणी बायांनी सगळ्यात आधी केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्या आनंदात मला विष कालवायचं नाही. माझा प्रश्न आहे की ही घरं 'फुकट' दिली असं म्हणायचा हक्क कुणाला आहे. तीन पिढ्यांचं भाडं, प्लॅस्टरचे पैसे आणि वाहून आणलेलं पाणी यांचा हिशेब मांडा, मग फुकट म्हणा. शिवाय उंच इमारतीत लिफ्ट, पंप, देखभालीची वर्गणी दर महिन्याला येणार. ती थकली की नोटीस बाईच्याच हातात पडेल, आणि घर विकायची भाषा सुरू होईल तेव्हा सही दिराची किंवा मुलाची असेल.

याहून मोठी गोष्ट आपण विसरतो आहोत. भाडेकरू मालक झाला की ते घर पुढच्या भाडेकरूसाठी संपतं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्यानं कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीनं विकली. घेणाऱ्यांचं भलं झालं, पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत आणि मागून येणारे रांगेत अडकले. आज मुंबईत घरकाम करायला, शिवणकाम करायला, नर्सिंग शिकायला एकटी येणारी मुलगी कुठे राहते? तिला मालकी नको आहे. तिला परवडेल अशा भाड्याची, कडी लागणारी, कुणी मध्यरात्री बाहेर काढणार नाही अशी एक खोली हवी आहे. १९२० साली परक्या सरकारला जे सुचलं ते आपल्या सरकारला सुचत नाही.

आपणही आपल्याकडे पाहिलं पाहिजे. १९७२ साली महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बाया, पाण्यासाठी पालिकेला जेरीस आणणाऱ्या मृणालताई गोरे, ही आपलीच परंपरा. पण नंतर घर म्हटलं की आपण हिंसाचार बघायला शिकलो आणि पावती बघायची विसरलो. मार खाणारी बाई घर का सोडत नाही, हे आपण तिला शंभर वेळा विचारलं. जाणार कुठे, एवढंच ती म्हणाली. ते उत्तर हीच मागणी होती, हे आपल्या उशिरा ध्यानात आलं.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. पात्रता ठरवताना प्रत्यक्ष कोण राहतं ते पाहा, आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईला स्वतंत्र नोटीस देऊन तिचं म्हणणं लेखी घ्या. नवरा असेल तर दोघांची नावं, नसेल तर तिचं एकटीचं. तिनं समक्ष येऊन संमती दिल्याशिवाय हस्तांतर नाही. इमारत पाडायची तारीख लांब असेल तर तोवर संडास, पाणी, जिन्यातला दिवा यांची दुरुस्ती थांबवू नका. आणि सरकारी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घरांपैकी काही घरं कायम भाड्याचीच ठेवा, त्यांत एकट्या बायांना प्राधान्य द्या.

पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईचा अर्ज आम्ही दिला आहे. सोबत तिच्या साऱ्या पावत्यांच्या प्रती, वीजबिलं, रेशनकार्ड आणि शेजारच्या अकरा बायकांची प्रतिज्ञापत्रं. निकाल लागलेला नाही. तुमच्या भागात सरकारी किंवा पालिकेची चाळ असेल तर यादी लागायची वाट पाहू नका. दारोदार जा, पावती बघायला मागा, आणि तिच्यावर नाव कुणाचं आहे ते वहीत लिहून घ्या.