कपाचा कान आणि अनाशीचं झाकण



पेसाह जवळ आला की घरोघरी माळ्यावरची भांडी खाली उतरतात. मग आमच्या तरुण मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो. "हाताने घडवलेला मातीचा सेट घेतला तर चालेल का? दिसतो फार छान, पण एका कपाला एवढे पैसे?" यात खरं म्हणजे दोन प्रश्न आहेत, एक धर्माचा आणि एक पैशाचा. या खेपेला दोन्हींविषयी थोडं लिहितो.

आधी आमच्या गावाची गंमत सांगतो. यिशुन हे नाव लिम नी सून (1879-1936) या व्यापाऱ्याचं. 'नी सून'चा मँडरिन उच्चार तो 'यिशुन'. रबर आणि अननस यांवर त्यांनी मोठा व्यापार उभारला. बालमित्रांनो, रबराच्या झाडाला चीर दिली की पांढरा चीक ठिबकतो. तो धरायला प्रत्येक झाडाला एक वाटी बांधावी लागते. हजारो झाडं म्हणजे हजारो वाट्या! त्या मातीच्या असत, आणि सिंगापुरातले चिनी कुंभार त्या बनवत. म्हणजे या बेटावरच्या कुंभाराचं पोट शोभेच्या फुलदाणीवर भरत नव्हतं. चिकाची वाटी, पाण्याचा रांजण, ऑर्किडची कुंडी, असं रोजच्या कामाचं सामान तो करत असे.

त्या काळची एक भट्टी अजून उभी आहे. जालान बाहारच्या बाजूला थो क्वांग नावाची 'ड्रॅगन भट्टी' आहे. ती 1940 साली बांधली आणि 1965 साली तान कुटुंबाने विकत घेतली. आपल्या कुंभाराचा आवा जमिनीवर रचलेला असतो. ही भट्टी मात्र उतारावर विटांनी बांधलेली, लांबलचक, अजगर पसरावा तशी. खालच्या तोंडाशी लाकडं पेटवतात. जाळ भांड्यांमधून वर चढत जातो आणि धूर शेपटाकडून बाहेर पडतो. बाजूच्या भोकांतूनही लाकडं टाकत राहावं लागतं. लाकडाची राख उडून भांड्यांवर बसते आणि त्या उष्णतेत वितळून तिचीच झिलई होते. म्हणून एकासारखं दुसरं भांडं निघत नाही. पुढे प्लास्टिक आलं, रबराचे मळे गेले, चिकाच्या वाट्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तरी भट्टी मोडली नाही. हौशी आणि व्यवसायी कुंभार तिथे जमतात आणि अधूनमधून ती पेटवतात. यिशुनहून एमआरटीने जुरोंग ईस्ट, पुढे बून ले, आणि तिथून बस. प्रवास लांबचा आहे, पण नातवंडांना एकदा अवश्य न्या.

1940 हे साल लक्षात ठेवा, कारण सिंगापूरचे नामवंत कुंभार इस्कंदर जलील यांचा जन्मही त्याच वर्षीचा. ते मूळचे गणित आणि विज्ञानाचे शिक्षक. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे 1966 साली कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती घेऊन ते आपल्या महाराष्ट्रात आले होते. शिकले मात्र सूतकताई आणि विणकाम! माती शिकायला ते 1972 साली जपानच्या ताजिमी गावी गेले. ताटवाट्या बनवण्यासाठी तो भाग प्रसिद्ध आहे. परत येऊन त्यांनी अनेक वर्षं विद्यार्थी घडवले. 1988 साली त्यांना सिंगापूरचं कल्चरल मेडॅलियन मिळालं, आणि 2016 साली नॅशनल गॅलरीत त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. 1940 सालीच आणखी एक गोष्ट घडली. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराचं पुस्तक निघालं, आणि जगभरच्या स्टुडिओ-कुंभारांनी ते हाताशी ठेवलं. हे लीचसाहेब लहानपणी काही काळ सिंगापुरात राहिले होते. त्यांचं आणि त्यांच्या जपानी मित्रांचं म्हणणं साधं होतं. भांडं सुंदर असावं, पण ते रोज वापरता यावं.

आता पैशाचा प्रश्न. एक कप कसा होतो ते पाहा. माती कणकेसारखी मळायची, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर चाकावर माती डगमगते. चाकावर ओढून आकार द्यायचा. चामड्याइतकी घट्ट झाली की बूड तासायचं आणि कान चिकटवायचा. कप आणि कान सारखेच ओले हवेत, नाहीतर वाळताना तडा जातो. सिंगापूरच्या दमट हवेत हे वाळणंच कित्येक दिवस चालतं. मग पहिली भाजणी साधारण 1000 अंशांवर. नंतर झिलईत बुडवायचं, बूड पुसून घ्यायचं (नाहीतर कप भट्टीच्या फळीला चिकटून बसतो), आणि दुसरी भाजणी 1200 अंशांच्या वर. एवढं होईतो भांडं आक्रसतं. 12 सेंटिमीटर रुंद घडवलेलं साडेदहाच्या आसपास येतं. शेवटी भट्टी उघडली की काही वाकडे, काही तडकलेले. त्यांचेही पैसे चांगल्या कपांनाच भरून काढावे लागतात. आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुंभाराला तर दुसऱ्याच्या भट्टीचं भाडंही द्यावं लागतं. तेव्हा किंमत ऐकून नाक मुरडण्याआधी एवढा हिशोब करावा.

आता धर्माचा प्रश्न. तोरात वायिक्राच्या 6व्या अध्यायात सांगितलं आहे की अर्पणाचं मांस मातीच्या भांड्यात शिजवलं तर ते भांडं फोडावं, आणि तांब्याचं असेल तर घासून धुऊन घ्यावं. माती शोषून घेते आणि सोडत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून तर तांब्या-पितळेला कल्हई करून ती पेसाहसाठी घेता येत, मातीला मात्र ती सोय नाही. झिलई लावलेली भांडीही बहुतेक रब्बी मातीचीच धरतात. तेव्हा कोरा सेट जरूर घ्या, पण घेतानाच ठरवा, दुधाचा, मटणाचा की फक्त पेसाहचा. नंतर बदलता येणार नाही. नवी भांडी मिकवेत बुडवण्याविषयीही आपल्या रब्बींना विचारून घ्या.

आणि बाळांनो, आपल्या बेने इस्राएल लोकांत पेसाहचं जुनं नाव काय होतं ठाऊक आहे? 'अनाशी ढाकाचा सण'! अनास म्हणजे आंबट पाणी भरलेली बरणी. सणात तिच्यावर झाकण पडायचं. कोकणातल्या आपल्या पूर्वजांपाशी हिब्रू पुस्तकं नव्हती, पण सण त्यांनी एका भांड्याच्या नावाने जपला.

आंबटावरून एक उपयोगाची गोष्ट. लिंबू, कोकम, लोणचं कच्च्या झिलईतून नको ते द्रव्य बाहेर काढतं. जुन्या किंवा स्वस्त झिलईत शिसंही असू शकतं. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, "यात शिसं नाही ना? जेवणासाठीच आहे ना?" घरी आणून लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहा. सकाळी रंग उडालेला दिसला तर त्यात पेन ठेवा, चटणी नको. शिसं मात्र या परीक्षेत कळत नाही, ते विचारूनच घ्यावं. बूड टेबलावर घासून पाहा, ओरखडा उठायला नको. कपात पाणी भरून कानाने उचलून पाहा. आमच्या वयाच्या मंडळींनी हे विशेष पाहावं. बोटं आखडली की चिमटीत धरायचा नाजूक कान कामाचा नाही. चार बोटं जातील असा कान हवा. हाताने घडवणाऱ्याकडे एक सोय असते, तो तुमचा हात पाहून कान मोठा करून देतो. कारखाना काही देणार नाही.

आमचं मत विचाराल तर अख्खा सेट नको. एकच चांगला कप किंवा एकच वाडगा घ्या आणि तो रोज वापरा. शोकेसमध्ये ठेवलेला कप कुंभाराला पुढचं गिऱ्हाईक आणून देत नाही. रोजच्या चहात दिसणारा कप मात्र पाहुण्यांच्या नजरेत भरतो.

आणि मुलांसाठी काम. आजीजवळ बसून या शब्दांचे अर्थ विचारा: बोळकं, गाडगं, परळ, रांजण, खापर, सुगड. प्रत्येकाचं चित्र काढा आणि आजीच्या घरी त्यात काय ठेवत ते खाली लिहा. वहीचं पान आमच्याकडे पाठवा. भांडी वापरातून गेली की त्यांचे शब्दही जातात. भांडी पुन्हा विकत मिळतील, पण शब्द सांगणारी माणसं आज आहेत तोवरच विचारून घ्या.

सर्वांना पेसाहच्या शुभेच्छा. शालोम.