वाडियांची जहाजे आणि सोयीची स्मृती

मुंबईच्या वाडिया घराण्यावर लिहिणारे एक किस्सा हमखास सांगतात: अमेरिकेचे राष्ट्रगीत या घराण्याने बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिले गेले. आम्हांस या किश्शाचा वीट आला आहे. १८१४च्या सप्टेंबरात बाल्टिमोरवर तोफा धडाडत असताना कवी फ्रान्सिस स्कॉट की तहाचे निशाण लावलेल्या एका अमेरिकन जहाजावर होता. गौरवासाठी परक्यांचे गीत उसने आणायचे, तेही खोटे!

सांगण्याजोगी गोष्ट आहे ती ‘कॉर्नवॉलिस’ची. जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत १८१३ साली बांधलेली ही सागवानी युद्धनौका. पहिल्या अफूयुद्धाच्या अखेरीस, २९ ऑगस्ट १८४२ रोजी, तिच्यावरच नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावे लागले. त्या अफूवर मुंबईतल्या कित्येक पेढ्या, देशी आणि विलायती, पोसल्या होत्या. हे सांगितल्याने गोदीतले कौशल्य उणे होत नाही. गौरवलेखांचा सूर तेवढा बिघडतो, आणि म्हणूनच बहुधा ते सांगितले जात नाही.

आणखी एक. १७३६ साली लवजी नसरवानजी कंपनीच्या बोलावण्यावरून सुरतेहून आले, ते सुतारांना सोबत घेऊन. ‘वाडिया’ म्हणजेच जहाज बांधणारा. आडनावच मुळी हातकामाचे. त्याचा इतिहास लिहिताना करवत धरणारे हातच वगळावेत? मुंबईत १८१७ साली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. त्या सुतारांच्या वारसांनी घडवलेले सांधे तिच्या मूळ सागवानात अजून पाहता येतात.