नोंदवही वाडीवर, बाई वीटभट्टीवर

मुंबईची लोकल कर्जतपर्यंत जाते आणि खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. राज्याची संपन्नता ह्या दोन तालुक्यांतून रात्रंदिवस ये-जा करीत असते. परंतु ह्याच तालुक्यांत ठाकूर व कातकरी समाजाच्या अशा वाड्या आहेत की, जेथे पायवाटेखेरीज वाट नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदतपथकांना अंधारात, भर पावसात डोंगर चढून जावे लागले आणि रस्ता नसणे म्हणजे काय, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अडलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांस मात्र ते कळण्यासाठी दरड कोसळावी लागत नाही.

महाराष्ट्राची आकडेवारी अभिमानास्पद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २०१८-२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता मृत्यू पावल्या; महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात दगावल्या. त्यांतील दहांपैकी नऊहून अधिक गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. त्या तुलनेत आपण पुष्कळ पुढे आलो. पण सरासरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. तिच्यात पुण्याच्या प्रसूतिगृहातील स्त्री आणि कर्जतच्या वाडीवरील स्त्री ह्या दोघी एकत्र मिसळतात आणि दुसरी दिसेनाशी होते.

ती दिसेनाशी होण्याचे आणखी एक कारण आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षाचे सहा-सात महिने वाडीत उरतात ती म्हातारी माणसे. ह्या मुदतीत गरोदर स्त्रीच्या नोंदीचे, रक्ततपासणीचे, लोहाच्या गोळ्यांचे काय होते? नोंद वाडीवरच्या वहीत राहते. बाई दुसऱ्या तालुक्यात, कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात चिखल तुडवीत असते. नोंदणीचा क्रमांक देशभर एकच असला, तरी भट्टीवर जाऊन तो विचारणारे कोणी नसेल, तर त्या क्रमांकाने रक्तातील लोह वाढत नाही.

२०१६ पासून दरमहा ९ तारखेस गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी करण्याची योजना आहे. योजना उत्तम आहे. पण भट्टीवर मजुरी मिळते ती हजार विटांच्या हिशेबाने आणि काम चालते ते नवराबायकोच्या जोडीने. बाई दवाखान्यात गेली की दोघांचाही दिवस बुडतो आणि उचल मात्र तशीच राहते. ‘ह्या बाया तपासणीला येतच नाहीत, त्यांना समज नाही,’ असा अभिप्राय कचेऱ्यांतून सहज दिला जातो. समजेचा प्रश्न खरा, पण तो तारीख ठरविणाऱ्यांच्या समजेचा आहे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. आपली व्यवस्था स्त्रीकडे पाहते ती पोटात मूल असेल तेव्हा, किंवा मूल थांबवायचे असेल तेव्हा. मधल्या आयुष्यात तिला जणू शरीरच नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतेच. आधी कधी तशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के. १९९४ साली कैरोच्या परिषदेत जगातील राष्ट्रांनी प्रजननाचे आरोग्य हा लोकसंख्येच्या हिशेबाहून व्यापक विषय आहे, हे मान्य केले. तरीही अंगावरून जाणे, अंग बाहेर येणे, वारंवार गर्भ पडणे, मूल न होणे ही दुखणी आजही पदराआड सोसली जातात. कारण ती सांगण्यासारखी बाई समोर नसते आणि सांगितली तरी तिच्यापाशी औषध नसते.

संततिनियमनाचेही तसेच. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली त्याचे केंद्र काढले, तेव्हा साधनांची निवड हा स्त्रीचा अधिकार आहे, हा विचार आपल्याकडे येऊन शंभर वर्षे लोटली. आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पतीने ती केल्याचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची असताना भार मात्र तिच्यावरच, आणि तोही बहुधा अशक्त, रक्त कमी असलेल्या देहावर.

मग करावे काय? नव्या घोषणेची गरज नाही. मातीचे स्वामित्वधन घेऊन परवाना देणाऱ्या महसूल खात्याला भट्ट्या ठाऊक असतात. तीच यादी दिवाळीनंतर आरोग्य खात्याच्या हाती द्यावी. भट्टीवर ज्या दिवशी आठवड्याची खर्ची वाटली जाते आणि मजूर बाजाराला निघतात, त्या दिवशी परिचारिका व स्त्री डॉक्टर तेथे जाव्यात. तपासणीच्या दिवसाची मजुरी मालकाने कापू नये, अशी अट परवान्यातच घालावी. पावसाळ्यात, सारी वाडी घरी असते तेव्हा, गरोदर नसलेल्या स्त्रियांचीही तपासणी व्हावी. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘पंतप्रधान जनमन’ योजनेत कातकरी समाजाचा समावेश आहे. तिच्यातील रस्ते व फिरती आरोग्यपथके कोणत्या वाडीपर्यंत पोहोचली, ह्याचा वाडीनिहाय हिशेब जिल्हा परिषदेने जाहीर करावा.

माती कोठे खणली जाते, हे जे सरकार ब्रासच्या मापाने जाणते, त्या सरकारला ती माती तुडविणारी स्त्री कोठे आहे, हे ठाऊक नाही असे म्हणण्याचा अधिकार नाही. आणि आपली घरे त्याच विटांनी उभी राहिली असता, हा प्रश्न आपला नव्हे असे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.