दूरच्या हातातील किल्ली

उधन्याच्या मागावर राबणारा खानदेशी कामगार पगाराच्या दिवशी एटीएमपुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या लेखी ती केवळ नोटा देणारी पेटी असते. वस्तुतः त्या पेटीच्या पोटात एक संगणक असतो आणि त्यास चालविणारी, बहुधा विंडोज नावाची, कार्यप्रणाली असते. देशात अशी यंत्रे दोन लाखांहून अधिक आहेत. प्रत्येकापाशी माणूस धाडून दुरुस्ती करावयाची म्हटले, तर शेवटच्या यंत्रापर्यंत पोहोचेतो पहिले जुने होईल. म्हणून ही देखरेख मध्यवर्ती सर्व्हरवरून होते. कोणत्या यंत्रात कोणती आवृत्ती आहे, कोठे दुरुस्ती पोहोचली नाही, कोणत्या प्रोग्रॅमला मुभा आहे, हे तेथून पाहता येते.

या देखरेखीची निकड लहान नव्हे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा सांभाळ थांबविला; तरी अनेक एटीएम त्यावरच चालत राहिली. अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदती घालून दिल्या : यूएसबीची तोंडे ऑगस्ट २०१८ पर्यंत बंद व्हावीत, मार्च २०१९ पर्यंत मंजूर यादीतीलच प्रोग्रॅम चालावेत आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रांत सांभाळ असलेली आवृत्ती यावी.

परंतु वाचकहो, ज्या वाटेने औषध जाते त्याच वाटेने विषही जाऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाईलने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बिघाड दुरून व क्षणार्धात गेला. दुरुस्तीसाठी मात्र पुष्कळ ठिकाणी माणसास प्रत्यक्ष यंत्रापाशी जावे लागले.

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपल्या गृहिणींस ठाऊक आहे. नवा बदल आधी मोजक्या यंत्रांवर तपासावा, मगच इतरत्र पाठवावा. आणि तो मागे घेण्याची सोय ठेवावी. मध्यवर्ती सत्ता सोयीची खरी, पण तिला संयमाची जोड हवी. शिवाय जागेवर जाऊन यंत्र उघडणाऱ्या जाणत्या हातांची गरज संपलेली नाही. आपल्या कुटुंबांतील होतकरू मुलामुलींनी ही विद्या अवश्य शिकावी. यंत्र बंद पडले की अडते ती त्या कामगाराची मजुरी, आणि गावी तिची वाट पाहणारी चूल.